कथा कशी वाचावी? : कथेच्या घटकांची ओळख



मराठीच्या पेपरात काही प्रश्न हमखास येतात. 'अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.' 'कथेच्या शीर्षकाची समर्पकता पटवून द्या.' 'कथेतील संघर्ष स्पष्ट करा.' असा प्रश्न दिसला की आपल्यापैकी बरेचजण गाईडमधले पाठ केलेले उत्तर आठवू लागतात. 'सदर कथेचे कथानक वेधक असून पात्रचित्रण जिवंत आहे' हे वाक्य तर सर्वांच्या ओळखीचे आहे. अडचण अशी की हे वाक्य कोणत्याही कथेला लावता येते, आणि जे कोणत्याही कथेला लावता येते ते हातातल्या कथेबद्दल काहीच सांगत नाही. असे उत्तर पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी त्याच दिवशी वीस वेळा वाचलेले असते.

कथानक, संघर्ष, पात्र, वातावरण, निवेदक, आशय हे शब्द ऐकायला जड आहेत. पण प्रत्येक शब्दाच्या पोटात एक साधा प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न विचारता आला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. उत्तर कथेतच सापडते. आजच्या पाठात आपण हे प्रश्न विचारायला शिकू.

त्यासाठी आधी एक कथा हवी. पुढची छोटी कथा खास या पाठासाठी रचली आहे. ती सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचा.

गप्प माग

वडगावातल्या एका गल्लीत रेणूचे घर होते. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत माग चाले. घरात बोलायचे तर ओरडून बोलावे लागे, म्हणून कोणी फारसे बोलतच नसे.

श्रावणात आई तापाने अंथरुणाला खिळली. रहाटावर कांड्या भरण्याचे तिचे काम रेणूकडे आले. शनिवारी दुपारपर्यंत पेठेतल्या व्यापाऱ्याकडे साडी पोचवायची होती. शनिवारी सकाळीच शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. रेणूने पंधरा दिवस तयारी केली होती. भाषणाचा कागद तिने रहाटाशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता. अप्पा येता-जाता त्या कागदाकडे बघत, पण काही विचारत नसत. रेणूही काही सांगत नसे.

शुक्रवारी रात्री पाऊस कोसळत होता. आठाच्या सुमारास वीज गेली. माग थांबला. एवढी शांतता त्या घरात कधी नसे. आईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"रेणू," अंधारातून अप्पा म्हणाले, "त्या कागदावरचं म्हणून दाखव की. आता ऐकू येईल."

रेणू उभी राहिली. कागद दिसत नव्हता; त्याची गरजही नव्हती. भाषण निम्म्यावर आले आणि दिवा लागला. अप्पांचा हात मागाच्या बटणाकडे गेला. रेणू थांबली.

अप्पांनी हात मागे घेतला. "पुरं कर," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून विचारले, "आज माग गप्प का हो?"

अप्पा रहाटाजवळ बसून कांड्या भरत होते. ते म्हणाले, "आमची रेणू बोलायला गेलीय."

आता या कथेला एकेक प्रश्न विचारू.

1. कथानक : काय घडले, आणि का घडले?

'आई आजारी पडली. वीज गेली. रेणू स्पर्धेला गेली.' ही झाली घटनांची यादी. घटना एकामागून एक येतात, पण त्यांना एकमेकींशी बांधणारा धागा या यादीत दिसत नाही. आता असे सांगून पाहा: आई आजारी पडली म्हणून कांड्या भरण्याचे काम रेणूवर आले. ते आले म्हणून स्पर्धेला जाणे अवघड झाले. वीज गेली म्हणून माग थांबला, माग थांबला म्हणून अप्पांना मुलीचा आवाज ऐकू आला, आणि तो ऐकला म्हणून शनिवारी सकाळी ते स्वतः रहाटाशी बसले. 'मग काय झाले' याच्या जोडीला 'म्हणून काय झाले' आले की घटनांचे कथानक होते. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीविषयीच्या पुस्तकात हाच फरक सांगितला आहे: कालक्रम म्हणजे गोष्ट, कार्यकारणभाव म्हणजे कथानक.

कथानकाचे टप्पे आपण वर्गात शिकतो. आपल्या कथेत ते असे दिसतील. घराचे आणि मागाचे वर्णन हा आरंभ. आईचे आजारपण, साडीची मुदत आणि स्पर्धेचा दिवस एकत्र येणे ही गुंतागुंत. दिवा लागतो आणि अप्पांचा हात बटणाकडे जातो हा उत्कर्षबिंदू. कारण तो हात पुढे जाणार की मागे येणार यावर सगळी कथा तोलून धरलेली आहे. काकूंचा प्रश्न आणि अप्पांचे उत्तर हा शेवट.

उत्कर्षबिंदू म्हणजे मारामारी, अपघात किंवा रडारड असलीच पाहिजे असा अनेकांचा समज असतो. इथे एक हात हलला, एवढेच घडले. तरीही तो क्षण आला तेव्हा तुम्ही थोडे थांबला असाल. उत्कर्षबिंदू ओळखण्याची खूण हीच आहे.

2. संघर्ष : कोणाला काय हवे आहे, आणि आड काय येते आहे?

या कथेत खलनायक नाही. अप्पा दुष्ट नाहीत, व्यापारी कथेत येतही नाही, आईचा काही दोष नाही. तरी संघर्ष आहे. रेणूला स्पर्धेला जायचे आहे. घराला साडी वेळेवर द्यायची आहे. दोन्ही गोष्टी रास्त आहेत आणि दोन्ही एकाच सकाळी येतात. हा झाला बाह्य संघर्ष, म्हणजे माणूस आणि परिस्थिती यांच्यामधला. माणूस आणि माणूस, माणूस आणि समाज, माणूस आणि निसर्ग हेही त्याचेच प्रकार.

दुसरा संघर्ष मनाच्या आत चालतो. अप्पा कागदाकडे बघतात पण विचारत नाहीत. का? विचारले तर मुलीला 'जा' म्हणावे लागेल, आणि तसे म्हटले तर साडीचे काय? रेणूही सांगत नाही, कारण तिला घराची अडचण ठाऊक आहे. हा आंतरिक संघर्ष. ही दोन्ही मौने कथेत शब्दांत लिहिलेली नाहीत. तरी ती तुम्हाला कळली.

परीक्षेत संघर्षाबद्दल विचारले तर 'चांगले विरुद्ध वाईट' असे लिहून मोकळे होऊ नका. कोणाला काय हवे होते आणि आड काय आले, या दोन वाक्यांत उत्तराची सुरुवात करा.

3. पात्रे : कोण बदलले?

आपल्या कथेत पात्रे चार. रेणू आणि अप्पा ही प्रमुख पात्रे, आई आणि काकू ही गौण पात्रे. गौण म्हणजे बिनकामाची नव्हेत. आई आजारी पडली नसती तर कथा सुरूच झाली नसती. काकूंनी विचारले नसते तर अप्पांना शेवटचे वाक्य बोलावे लागले नसते.

आता अप्पांचे स्वभावचित्र लिहायचे आहे असे समजा. कथेत कुठेही 'अप्पा प्रेमळ होते' असे म्हटलेले नाही. संपूर्ण कथेत ते फक्त तीनदा बोलतात. मग त्यांचा स्वभाव कशावरून ठरवायचा? ते काय बोलतात, काय करतात, काय करता करता थांबतात, आणि इतर लोक त्यांच्याशी कसे वागतात यांवरून. याला व्यक्तिचित्रण म्हणतात. पुढची दोन उत्तरे ताडून पाहा.

पहिले उत्तर: 'अप्पा कष्टाळू व प्रेमळ आहेत. त्यांचे आपल्या मुलीवर खूप प्रेम आहे. ते आदर्श पिता आहेत.'

दुसरे उत्तर: 'अप्पा अबोल आहेत. भिंतीवरचा कागद ते रोज बघतात, पण त्याविषयी विचारत नाहीत. वीज आल्यावर त्यांचा हात सवयीने बटणाकडे जातो, कारण साडीची मुदत त्यांच्या डोक्यात आहे. तो हात मागे घेऊन ते मुलीला भाषण पूर्ण करायला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी माग थांबवून तिचे काम स्वतः करतात. त्यांचे प्रेम बोलण्यातून दिसत नाही, कृतीतून दिसते.'

दुसऱ्या उत्तरातल्या प्रत्येक विधानाला कथेत आधार आहे. पहिले उत्तर कथा न वाचताही लिहिता येते.

शेवटी एक प्रश्न नेहमी विचारावा: कथेच्या सुरुवातीला होते तसेच शेवटी कोण राहिले आणि कोण बदलले? इथे रेणूपेक्षा अप्पा अधिक बदलले आहेत. म्हणजे कथेत मुलीचे नाव जास्त वेळा येत असले तरी ती वडिलांचीही कथा आहे.

4. वातावरण : ही कथा दुसरीकडे घडली असती का?

स्थळ, काळ, ऋतू, आवाज, वास, लोकांचे व्यवसाय या सर्वांतून कथेचे वातावरण तयार होते. पुष्कळदा आपण ते 'निसर्गवर्णन सुंदर आहे' एवढे म्हणून सोडून देतो. त्यापेक्षा एक कसोटी लावून पाहा. कथा उचलून दुसऱ्या जागी ठेवा. रेणूचे घर मोठ्या शहरातल्या इमारतीत आठव्या मजल्यावर नेऊन ठेवा; अप्पांना कचेरीत नोकरी द्या. आता वीज गेली तर काय होईल? पंखा बंद होईल. पण घरात सतत आवाज नव्हताच, त्यामुळे शांतताही येणार नाही, आणि 'आता ऐकू येईल' या वाक्याला अर्थच उरणार नाही. कथा मोडली.

म्हणजे वडगावची गल्ली, माग, श्रावणातला पाऊस आणि जाणारी वीज ही कथेची सजावट नाही. त्यांच्याशिवाय ही कथा घडूच शकत नाही. ज्या कथेतले स्थळ बदलले तरी काही बिघडत नाही, तिथे वातावरणाचा उपयोग वरवरचा आहे असे समजावे.

काही लेखक मात्र मुद्दाम नकाशावर न सापडणारा प्रदेश निवडतात. जी. ए. कुलकर्णी (1923–1987) यांचे बालपण आपल्या बेळगावात गेले आणि पुढे त्यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. त्यांच्या 'रमलखुणा' (1975) या पुस्तकात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत. त्यांतला प्रदेश कोणत्या जिल्ह्यातला हे सांगता येत नाही. माणूस आणि त्याची नियती यांच्याबद्दल बोलायचे असल्यामुळे त्यांना ओळखीच्या गावापासून दूर जायचे होते. तेव्हा 'स्थळ कोणते' याच्यापुढे जाऊन 'हेच स्थळ का' असे विचारावे.

5. निवेदक : ही कथा कोण सांगते आहे?

सर्व घटकांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. लेखक आणि निवेदक एक नसतात. लेखक कथा लिहितो. निवेदक ती कथेच्या आतून सांगतो. नाटकात जसा नट भूमिका करतो, तशी लेखकाने घेतलेली ही भूमिका असते.

'मी' म्हणून सांगणारा तो प्रथमपुरुषी निवेदक. 'तो', 'ती', 'ते' असे म्हणत बाहेरून सांगणारा तो तृतीयपुरुषी निवेदक. तृतीयपुरुषी निवेदकाला सगळ्यांच्या मनातले कळत असेल तर त्याला सर्वसाक्षी म्हणतात. आपल्या कथेचा निवेदक तृतीयपुरुषी आहे. पण तो अप्पांच्या मनात शिरत नाही. त्यांचा हात मागे आला एवढेच तो सांगतो. त्या वेळी त्यांना काय वाटले हे ओळखायचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.

आता तोच प्रसंग रेणूच्या तोंडून ऐका: 'दिवा लागला आणि मी अप्पांच्या हाताकडे बघितले. आता माग सुरू होणार, माझा आवाज बुडणार, असे वाटले.' इथे भीती आली. आता काकूंच्या तोंडून ऐका: 'सकाळी बघते तर माग बंद. म्हटले, यांच्या घरी काही बरेवाईट तर झाले नाही?' इथे गैरसमज आला. घटना त्याच, पण सांगणारा बदलताच कथा बदलली. या सांगण्याच्या जागेला दृष्टिकोन म्हणतात.

लेखक आणि निवेदक वेगळे असतात याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. प्रकाश नारायण संत (1937–2003) हे बेळगावच्या थोर कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. ते कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत. 'वनवास' (1994), 'शारदा संगीत' (1997), 'पंखा' (2001) आणि 'झुंबर' (2004) या चार पुस्तकांत त्यांनी लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो, शाळेत जातो आणि जे दिसते ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. 'वनवास' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखकाने पन्नाशी ओलांडली होती. पण सांगणारा लंपन शाळकरीच आहे. मोठ्या माणसांच्या बोलण्यातले लंपनला जे कळत नाही, ते कधीकधी वाचकाला कळते. मुलाच्या तोंडून कथा सांगण्यातली गंमत आणि कारुण्य तिथेच आहे. 2024 मध्ये या कथांवर 'लंपन' ही मालिकाही आली. ती पाहिली असेल तर पुस्तक जरूर वाचा. पडद्यावर लंपन दिसतो. पुस्तकात त्याच्या डोळ्यांनी आपण बघतो.

6. भाषा आणि संवाद : कोण कसे बोलते?

आपल्या कथेत निवेदकाची भाषा पुस्तकी, म्हणजे प्रमाण मराठी आहे: 'कोसळत होता', 'म्हणाले'. पण अप्पा मात्र 'म्हणून दाखव की' असे म्हणतात. हा 'की' काढून वाक्य पुन्हा वाचा. 'म्हणून दाखव' हा हुकूम झाला. 'म्हणून दाखव की' यात आर्जव आहे, संकोच आहे, जवळीक आहे. एका अक्षराने अप्पांचा स्वभाव दाखवला. संवादाचे काम केवळ माहिती देण्याचे नसते. बोलणारा माणूस उभा करण्याचे असते.

हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या भागात मराठी आणि कानडी शेकडो वर्षे एका गल्लीत राहिल्या आहेत. आपण सहज म्हणतो, 'ते काम करून सोड', 'त्याला देऊन सोड'. कानडीतल्या 'माडिबिडु' या रूपाचा हा मराठी भाऊ. 'काय करालास?' हेही आपल्या तोंडी सहज येते. पुण्या-मुंबईकडचा कोणी पाहुणा त्यावर हसला की आपली मुले गप्प होतात. काहीजण तर निबंधात एक वाक्यही मनासारखे लिहीत नाहीत. आपली मराठी चुकीची आहे असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. शेवटी ती मराठीत लिहिण्याचे टाळू लागतात, आणि नुकसान त्यांचे होते तसेच मराठीचेही होते.

लंपनच्या कथांमध्ये हीच सीमाभागातली, कानडी वळणाची मराठी आहे, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे. ती एका प्रदेशाची, तिथल्या माणसांची भाषा असते, आणि कथेत ती आली की माणसे खरी वाटतात. परीक्षेतल्या उत्तरासाठी, अर्जासाठी, निबंधासाठी प्रमाण मराठी यायलाच हवी. ती मनापासून शिका. पण कथेत आजी बोलणार असेल तर तिला तिच्याच भाषेत बोलू द्या. कोठे कोणती भाषा शोभते हे ओळखणे म्हणजेच शैलीची जाण.

7. आशय : कथा कशाविषयी आहे?

विषय, आशय आणि तात्पर्य या तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. आपल्या कथेचा विषय 'विणकर कुटुंबातील मुलगी आणि तिची स्पर्धा'. विषय दोन-चार शब्दांत सांगता येतो. आशय म्हणजे त्या विषयातून कथा माणसांविषयी काय सुचवते ते. तो सांगायला वाक्य लागते, आणि दोन वाचक तो थोडा वेगळा सांगू शकतात. कोणी म्हणेल, 'कष्टाच्या आवाजात घरातल्या माणसांचा आवाज हरवतो. तो ऐकायला कधीतरी थांबावे लागते.' दुसरा कोणी म्हणेल, 'मुलीला बोलू देण्यासाठी कोणालातरी स्वतःचे काम थांबवावे लागते.' कथेतला आधार दाखवता आला तर दोन्ही उत्तरे बरोबर.

तात्पर्य म्हणजे थेट दिलेला बोध. इसापनीतीत तो शेवटी स्वतंत्रपणे सांगितलेला असतो. आधुनिक कथा सहसा तसे करत नाही. पूर्वीचे कथालेखन बोधाकडे अधिक झुकलेले होते. बेळगावातच 1831 साली जन्मलेल्या बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (1857) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांची दुःस्थिती समाजापुढे मांडणे हा तिचा उघड हेतू होता आणि तो लेखकाने लपवला नाही. त्या काळाची ती गरज होती. पुढे मराठी कथा हळूहळू सांगण्याकडून सुचवण्याकडे वळली. म्हणून आजची कथा वाचताना शेवटी तात्पर्य शोधत बसू नका. आशय संपूर्ण कथेत पसरलेला असतो.

8. शीर्षक आणि प्रतीक : हेच नाव का?

आपल्या कथेला 'रेणूचे यश' असे नाव दिले तर? पण रेणूला बक्षीस मिळाले की नाही हे कथा सांगतच नाही, म्हणजे ते नाव खोटे ठरेल. 'आदर्श पिता' म्हटले तर सगळा आशय आधीच उघडा पडेल. 'गप्प माग' या नावात काय आहे? माग दोनदा गप्प होतो. पहिल्यांदा वीज गेल्यामुळे, म्हणजे नाइलाजाने. दुसऱ्यांदा अप्पांनी तो बंद ठेवल्यामुळे, म्हणजे स्वतःच्या इच्छेने. या दोन शांततांमधले अंतर म्हणजे ही कथा.

शिवाय जो माग घराचे पोट भरतो तोच घरातले बोलणे बुडवतो. अशा वेळी तो लाकूड-लोखंडाचे यंत्र न राहता आणखी कशाची तरी खूण होतो. यालाच प्रतीक म्हणतात. मात्र प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधू नये. जी वस्तू कथेत पुन्हा पुन्हा येते आणि महत्त्वाच्या क्षणी हजर असते, तिच्याकडेच नीट बघावे.

थोडक्यात

नवी कथा वाचल्यावर वहीत हे आठ प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचे उत्तर कथेतला आधार देऊन एक-दोन वाक्यांत द्या.

1. कोणती घटना कशामुळे घडली? (कथानक)
2. कोणाला काय हवे आहे, आणि आड काय येते? (संघर्ष)
3. कोण बदलले, आणि ते कोणत्या कृतीवरून कळले? (पात्र)
4. स्थळ-काळ बदलला तर काय मोडेल? (वातावरण)
5. कोण सांगते आहे, आणि त्याला काय ठाऊक नाही? (निवेदक)
6. कोणाच्या बोलण्यातला कोणता शब्द त्याची ओळख देतो? (भाषा, संवाद)
7. कथा माणसांविषयी काय सुचवते? (आशय)
8. दुसरे नाव दिले तर काय हरवेल? (शीर्षक)

सरावासाठी

अ) 'गप्प माग' ही कथा आईच्या तोंडून दहा-बारा वाक्यांत लिहा. ती अंथरुणावर आहे, हे लक्षात ठेवा. तिला काय ऐकू येईल आणि काय दिसणार नाही?

आ) काकूंचा प्रश्न आणि अप्पांचे शेवटचे उत्तर काढून टाका. कथा आता कुठे संपते? आशयात काय फरक पडतो?

इ) तुमच्या पाठ्यपुस्तकातील कोणतीही एक कथा घ्या. तिचे शीर्षक झाकून स्वतःचे शीर्षक द्या आणि ते का दिले हे पाच ओळींत लिहा.

ई) घरातल्या आजी-आजोबांना, आई-वडिलांना किंवा शेजारच्या काकू-मामांना त्यांच्या शाळेच्या दिवसांतली एक घटना विचारा. ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द 'शुद्ध' न करता लिहून काढा. मग आठ प्रश्न विचारून पाहा. 'म्हणून' कुठे आहे? संघर्ष कोणता? कुठे थांबले तर शेवट चांगला होईल?

शेवटचा प्रश्न सर्वांनी सोडवावा. त्याला गुण नाहीत, पण हे काम तुमच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. आपल्या गल्ल्यांतल्या, शेतांतल्या, मागांवरच्या कितीतरी गोष्टी आजवर कोणी लिहिलेल्या नाहीत. त्या ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे थकत चालली आहेत. या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, आणि ती बोलत असताना टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा.